गरोदर बाईचा नंबर धरायचा नाही

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत मला डोळ्यांची डॉक्टरीण म्हणतात आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात मी एकोणीस वर्षं नंबर काढते. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, समोरच्या अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा लावायचा आणि काचा बदलत विचारायचं, "हे बरं, का आधीचं बरं?" शिक्षण म्हणाल तर बारावी नापास. जे येतं ते दुकानाच्या मालकांनी शिकवलं. ते हळू आवाजात आणि एकदाच सांगायचे. त्यांनी सांगितलेला एक नियम असा, की गरोदर बाईचा नंबर धरायचा नाही. दिवस गेले की पायांना सूज येते तशी डोळ्याच्या पुढच्या पडद्यालाही थोडी येते, नंबर सरकतो, आणि बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांत जागेवर येतो. तोवर चष्मा करून द्यायचा नाही, नाहीतर बाई नंतर तो घेऊन भांडायला येते. नियम बरोबर आहे. आजही मी तो पाळते.

दुसरी गोष्ट, मला मूल नाही. हेही आत्ताच सांगते, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत तेच कारण हुंगत बसेल. बार्शीला दिलं होतं, चार वर्षांनी आईच्या घरी परत आले ती कायमची. त्याचा आणि पुढच्या गोष्टीचा काही संबंध नाही असं मी बरेच दिवस म्हणत होते. संबंध आहे. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलला तर मी फार स्वस्तात सुटेन.

माझा भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. टॉवेलच्या कारखान्यात माल बांधून गाडीत चढवायच्या खात्यात आहे. त्याची बायको कर्नाटकच्या शिवेवरच्या दुधनीची. घरात कन्नड, शाळा कन्नड, बाजारात दोन्ही. सोलापुरात कन्नड ऐकून कुणी कान टवकारत नाही, पण आमच्या घरात बोलणाऱ्या म्हणजे आई आणि मी, आणि आम्हा दोघींना हसायला रोज काहीतरी लागायचं. ती आली आणि आमची सोय झाली. ती "पाणी आला" म्हणायची, "भात संपली" म्हणायची. आई तिच्यादेखत तिचं वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवायची आणि मी ते शेजारी जाऊन सांगायची. आधी तीही हसायची. मग हसल्यासारखं करायची. मग तिनं बोलणंच कमी केलं, तर कमी बोलणारी सून मिळाली म्हणून आईनं देवापुढं साखर ठेवली.

कामाला ती चपळ होती. भाकरी अशी थापायची की नाव ठेवायला जागा नसायची. आई तरीही जागा शोधायची आणि नाही सापडली तर मी शोधून द्यायची.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि तिला दिवस गेले. सहा महिने धड गेले. सातव्यात तिचं तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, तेज आलंय. पायांची बोटं इतकी फुगली की जोडवी मांसात रुतायला लागली. तिनं साबण लावून ती काढली आणि कोनाड्यात ठेवली. आईनं ती पाहिली आणि घर डोक्यावर घेतलं. सवाष्ण बाई, पोटात मूल, आणि जोडवी काढून ठेवते! संध्याकाळी तिनं ती परत चढवली. कशी चढवली ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची दोन्ही बोटं निळी दिसत होती, आणि ते मी पाहिलं.

त्याच आठवड्यात एकदा जेवताना ती म्हणाली, "डोळ्याम्होरं काय तर चमकायलंय की. मिंचुहुळा आल्यासारखं."

"काय आल्यासारखं?" आईनं विचारलं.

भावाला थोडंफार कन्नड कळायचं. तो घास चावतच म्हणाला, "काजवे गं. काजव्याला म्हणतात ते."

"व्हय, काजवे," ती म्हणाली. नवा शब्द मिळाला म्हणून तिला बरं वाटलं असावं. "डोळ्याम्होरं काजवे चमकायलेत."

आम्ही तिघंही हसत सुटलो. तिला कळेना. आमच्यात डोळ्यांपुढं काजवे चमकतात ते कानफटात बसल्यावर, नाहीतर विजेचं बिल बघितल्यावर. आई म्हणाली, "कुणी मारलं गं बाई तुला? आम्ही तर अजून हात लावला नाही." त्या 'अजून'वर आम्ही परत हसलो. भावाला ठसका लागला, तिनंच त्याला पाणी दिलं. तेव्हापासून घरात तो शब्द चालू झाला. ती उशिरा उठली की मी विचारायची, "काय गं, काजवे?" ती डोकं धरून बसली की आई म्हणायची, "निघाले हिचे काजवे." तिनं तो शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही.

आणि मी रोज दुकानात खुर्चीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारत होते, "डोळ्यांपुढं वीज चमकल्यासारखं होतं का? मधेच काही दिसेनासं होतं का?" तो हो म्हणाला की मी फ्रेम उतरवून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवायची. त्यातल्या एकालाही मी हसले नव्हते.

डोहाळजेवणाच्या आठ दिवस आधी ती एकटीच दुकानात आली. दुपारची वेळ होती, मालक पुण्याला माल आणायला गेले होते. सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि ही बाई पोट सांभाळत चौकापासून चालत आलेली. दारातच भिंतीला धरून उभी राहिली.

"वन्सं, जरा डोळं बगता का? अक्षर फुटायलंय."

घरची माणसं दुकानात आली की मला राग येतो. दुकानात मी कुणाची नणंद नसते, परत आलेली लेक नसते, तिथं मला लोक 'मॅडम' म्हणतात. तिनं दारातून 'वन्सं' म्हणून हाक मारली तिथंच माझं डोकं फिरलं. तिला खुर्चीत बसवलं. तक्ता मराठी अक्षरांचा, वर मोठं एक अक्षर, खाली ओळीओळीनं लहान होत गेलेली. तीन ओळी तिनं बऱ्या वाचल्या. चौथ्या ओळीत 'ग' म्हणाली, थांबली, आणि एकदम शेवटचं 'न' म्हणाली. मधली दोन अक्षरं गेली. मी काच बदलली. परत तेच. पाचव्या ओळीतही पहिलं वाचलं, शेवटचं वाचलं, मधल्यांची दांडी.

"मधलं वाच की," मी म्हटलं.

"मधलं न्हाई."

"नाही म्हणजे?"

"मधलं न्हाईच की तितं."

मला हसू आलं. कन्नड शाळा, मला वाटलं. येतात तेवढी अक्षरं ओळखते आणि येत नाहीत ती गाळते, वर म्हणते तिथं नाहीतच. मी तिला म्हटलं, "वाचता येत नाही म्हणायला लाज कसली? सरळ सांग." मी अजून एकदा विचारलं, "क कमळाचा तरी येतो का?" त्यावर तिनं फ्रेम स्वतःच्या हातानं काढून माझ्याकडं दिली.

त्या तक्त्याची मागची बाजू खास असते. ज्यांना वाचता येत नाही अशांसाठी तिथं नुसत्या तीन दांड्यांच्या खुणा असतात, दांड्या कुठल्या बाजूला उघड्या आहेत ते माणसानं हातानं दाखवायचं. तक्ता फिरवायला दोन सेकंद लागतात. मी त्या क्षणी तो फिरवला असता तर तिला मधल्या खुणाही दिसत नाहीत हे कळलं असतं, आणि खुणांना भाषा नसते. पण तक्ता फिरवला तर ती अडाणी नाही असं निघण्याची शक्यता होती. मला ती अडाणीच हवी होती.

नंबर अर्ध्यानं सरकला होता. नियमात बसत होतं. मी तिला म्हटलं, "बाळंत हो, आपोआप उतरेल. आता चष्म्याचं नाव काढायचं नाही."

"डोकं बी लई दुकायलंय," ती म्हणाली.

"दुखणारच. एवढ्या उन्हात कुणी बोलावलं होतं?"

मालकांनी नियम सांगितला तेव्हा त्याला पुढचा अर्धा भागही होता. गरोदर बाईचा नंबर धरायचा नाही, पण ती डोकं दुखतं म्हणाली, चमकतं म्हणाली, मधलं दिसत नाही म्हणाली, तर तिला त्याच पावली बीपी बघायला पाठवायचं, बसू द्यायचं नाही. तोवरच्या इतक्या वर्षांत अशी बाई माझ्यासमोर कधी आली नव्हती. ती आली ती माझ्याच घरातून. मी तिला रिक्षा करून दिली आणि घरी पाठवलं, आणि संध्याकाळी आईला 'क कमळाचा' सांगितलं. आई पोट धरून हसली.

तिच्या तपासणीची तारीख त्याच आठवड्यात होती. आई म्हणाली, घरात एवढा कार्यक्रम, तपासणी काय पळून जाते का, उरकल्यावर जाऊ. मी म्हटलं, बरोबर आहे.

डोहाळजेवणाला तीसेक बायका आल्या. दुधनीहून तिची आई आणि मावशी आल्या. तिला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले, पाटावर बसवलं. ती पांढरीफटक पडली होती, घाम येत होता, आणि बायका म्हणत होत्या, कशी लक्ष्मी दिसते. मग दोन वाट्या पुढं ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, दोन्हींवर झाकण. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिनं हात पुढं केला. हात दोन वाट्यांच्या मधून गेला आणि जमिनीवर टेकला. तिनं तो फिरवला, चाचपला, परत जमीन. बायका हसायला लागल्या, त्यांना वाटलं मुद्दाम खेळवतेय. तिच्या आईनं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मी मात्र मोठ्यांदा म्हटलं, "काजवा धरतेस का गं?"

जिथं तीस बायका हसतात तिथं एक बाई काय म्हणते ते ऐकू येत नाही. तिचे ओठ हलताना मला दिसले. शेवटी तिच्या मावशीनं तिचा हात धरून एका वाटीवर ठेवला. बर्फी निघाली.

बायका जेवून गेल्या आणि तिला उलटी झाली. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मला दिसंना की. काय बी दिसंना."

आई म्हणाली, दृष्ट लागली. एवढ्या बायकांनी बघितल्यावर लागणारच. आईनं मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या ओवाळून शेगडीवर टाकल्या. घरभर खकाणा उठला, सगळे खोकायला लागलो, तीही खोकत होती. तिची आई मला म्हणाली, "तुमाला डोळ्यांतलं कळतंय न्हवं, तुमी बगा की." तिच्या तोंडून हे ऐकून मला बरं वाटलं. मी मोबाइलचा दिवा लावला आणि तिच्या डोळ्यांवर धरला. दोन्ही बाहुल्या झटकन आकसल्या, जशा आकसायला हव्यात तशा. मी दिवा बंद केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत. उजेड कळतोय. थकलीय, नाहीतर लाड करून घ्यायचेत."

तिची आई खाली बसली. माझ्यावर विश्वास ठेवून बसली. अर्ध्या तासानं पोरीला झटका आला. हिरव्या साडीत, फुलं अंगावर, दात आवळलेले, टाचा फरशीवर आपटत होत्या. त्या आवाजाचं मला आजही काही करता येत नाही.

ज्या दवाखान्यात नेलं तिथं त्यांनी धावपळ करून पोट उघडलं. बीपी इतकं वाढलं होतं की मूल आत ठेवलं असतं तर दोघंही गेली असती. मुलगी झाली. दिवस भरायला बराच अवकाश होता, वजन किलोच्या आसपास. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. भावजयीला शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि तिला काहीच दिसत नव्हतं. अंधार नाही, उजेड नाही, काहीच नाही.

डोळ्यांचे डॉक्टर आले. तरुण होते, समजावून सांगायची हौस असलेले. म्हणाले, डोळे चांगले आहेत. डोळ्यांनी आणलेलं जिथं ओळखलं जातं तो मेंदूचा मागचा भाग सुजलाय. म्हणून बाहुली आकसते पण दिसत नाही, नवखा माणूस यात फसतो. बहुधा काही दिवसांत दृष्टी परत येईल. मग त्यांनी विचारलं, "आधी काही म्हणाली होती का? चमकतंय, मधलं दिसत नाही, डोकं दुखतंय?"

हा माझा प्रश्न होता. दिवसातून दहादा मी तो विचारते. मी म्हटलं, "नाही."

भाऊ माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं बघितलं. तोही त्या दिवशी जेवताना हसला होता.

मुलीच्या पेटीपाशी एका वेळी एकालाच सोडायचे. मी दोनदा गेले. खरं सांगायचं तर नीट बघितलं नाही. नळ्या, पट्ट्या, कानांवरून भुवयांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, आणि त्यात कुठंतरी एक लालसर तोंड. बघून मला भीती वाटली आणि मी पटकन बाहेर आले. खाटेजवळ आले तर भावजयीनं पावलांवरून मला ओळखलं.

"वन्सं, बगितलं तिला? कशी हाय?"

"लहान आहे," मी म्हटलं.

"तसं नगा. रंग सांगा. केस सांगा."

मी सांगितलं. गोरी आहे म्हटलं. केस दाट आहेत म्हटलं, टोपीतून एक बट बाहेर आलीय म्हटलं. ती ऐकत होती. दीड-दोन वर्षांत माझं कुणी असं कान लावून ऐकलं नव्हतं, तिनं तर नाहीच. उघडे डोळे माझ्या गळ्याच्या रोखानं, ओठ थोडे विलग. तिनं विचारलं, नाक? मी म्हटलं, तुझ्यासारखं. बोटं? लांब. आणि तिनं अजून मागितलं तेव्हा मी म्हटलं, "उजव्या कानाच्या पाळीवर तीळ आहे. बारीक." ती हसली, हात वर केला आणि स्वतःचा उजवा कान चिमटीत धरला.

मला ते आवडत होतं. हे लिहिताना हात अडखळतो, पण आवडत होतं. ती पूर्णपणे माझ्या शब्दांवर होती.

मुलगी तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. भाऊ आणि आमचे मामा तिला घेऊन गेले, जसं गुंडाळून दिलं तसंच पुरून आले. डॉक्टर म्हणाले होते की आईचं बीपी अजून ताब्यात नाही, तिला कसलाही ताण नको. घरच्यांनी बाहेर व्हरांड्यात उभं राहून ठरवलं, एवढ्यात सांगायचं नाही. तिच्या आईचा आवाज लगेच रडवेला व्हायचा, म्हणून तिला दुधनीला धाडून दिलं. माझी आई खाटेजवळ यायला तयार नव्हती. भाऊ आत यायचा, बायकोचा पाय दाबायचा आणि निघून जायचा. राहिले मी.

"आज कशी हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, बरी आहे. तिनं विचारलं, दूध? मी सांगितलं, नळीनं घेतलं. त्या दिवशी तिची छाती भरून आली होती. नर्सनं दूध काढून टाकायला लावलं, तर ही म्हणाली, टाकू नगा, तिला द्या. मी वाटी घेतली, व्हरांड्यात गेले आणि मोरीत ओतली. परत येऊन सांगितलं, "पाठवलं." चौथ्या दिवशीही तसंच. पाचव्या दिवशी मला नवीन काही सुचेना आणि तिचं विचारणं थांबेना, म्हणून मी म्हटलं, "आज डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं."

"तुमाला बगितलं," ती म्हणाली, आणि उशीत तोंड घालून रडली. आनंदानं रडली.

सहाव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती उशीला टेकून बसली होती. मी काही बोलायच्या आत ती समोरच्या भिंतीवरची पाटी वाचायला लागली. "शांतता राखा. रुग्णाजवळ एकानेच बसावे. चपला बाहेर काढाव्यात." सरळ, न अडखळता, मधलं एकही अक्षर न गाळता. कन्नड शाळेत मराठी विषय असतोच. सोलापूर जिल्ह्यात जन्म काढून हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं, बरोबर.

"दिसतंय," ती म्हणाली. "आता दाखवा."

आई दारात आली होती ती तशीच मागं फिरली. भाऊ खाली औषध आणायला गेला होता. मी चहाचा पेला खाली ठेवला. कुणीतरी सांगायला हवं होतं आणि तिथं मीच होते, म्हणून सांगितलं. "गेली. तीन दिवस झाले."

तिनं बोटांवर मोजलं. खरोखर बोटांवर. मग म्हणाली, "काल तर तुमीच, तुमाला बगितलं म्हणाला की."

ती ओरडली नाही, रडली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. सहा दिवसांनी परत आलेली नजर, आणि तिनं ती सगळी माझ्यावर ठेवली. मीच उठून बाहेर गेले.

ती तीन महिने दुधनीला राहिली. मला वाटलं परत येणार नाही, आणि आली नाही तर बरं असंही वाटलं. पण ती आली. त्याच घरात, त्याच मोरीवर भांडी घासायला. आईशी जेवढ्यास तेवढं बोलते, माझ्याशीही. पुन्हा दिवस राहिले नाहीत. आई आता तिच्या वाक्यांना हसत नाही, आणि ती आता चुकतही नाही. चार वर्षं तिनं मुलीचा विषय काढला नाही. मी क्षमा मागितली का, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही असं आहे. दोन-तीनदा तोंडापर्यंत आलं आणि तिनं दुसरंच काहीतरी विचारलं, मीठ कुठंय, गॅस कधी येणार, तेवढ्यावर मी सुटका करून घेतली.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी चटणीसाठी शेंगा फोडत बसलो होतो. आई आत झोपली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "वन्सं, तीळ कुटल्या कानाला व्हता?"

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. कळलं तेव्हा हातातली शेंग फोडता फोडता मी म्हटलं, "डाव्या."

"तवा तुमी उजव्या म्हणाला व्हता."

मी शेंगदाणे ताटात टाकले. ती रागावलेली दिसत नव्हती. तिनं टरफलं गोळा करून बाजूला सारली.

"टोपी व्हती म्हणं डोक्याला," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं मला, लई दिवस झालं. कान कुणाला दिसलाच न्हाई. ह्यांना बी न्हाई." मग तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "पर मला तेवढाच हाय की. एकच काय ते सांगा. कुटला बी चालंल. आता पुन्यांदा बदलू नगा."

मी म्हटलं, "उजवा."